वर ठेवायची बाटली

चंदेरी किल्ल्याची चढाई ठरली तेव्हा पाठपिशवी घ्यायला मी अंबरनाथहून उल्हासनगरला गेलो. तिथे बराकीच्या पडवीत एक सिंधी गृहस्थ लष्कराचं जुनं सामान विकत. नाव मी कधी विचारलं नाही. चढाईला न्यायचं सगळं सामान आणून दाखवलं तरच ते पिशवी विकत, म्हणून मी दुसऱ्या दिवशी गाठोडं घेऊन पुन्हा गेलो आणि त्यांच्यासमोर पिशवी भरली.

त्यांनी ती शांतपणे चटईवर ओतली. मला रागच आला. कारखान्यातलं स्टोअर मी सांभाळायचो. सामान लावायला मला कोण शिकवणार?

दोर, स्वेटर, मोजे, एकेक वस्तू त्यांनी तळहातावर तोलली. घोंगडी तळाशी घातली. मी जड म्हणून खाली ठेवलेली पाण्याची बाटली सगळ्यात वर ठेवली. मग मला पाठमोरं बसवून, न बघता ती तीनदा काढायला लावली.

"तुम्ही डोंगर चढता?" मी विचारलं.

"नहीं साईं. मैं तो कराची से जहाज में आया." ते पट्टा आवळत होते. "अम्मा को प्यास लगी. लोटा ट्रंक में सबसे नीचे. ऊपर रेशमी कपडे, कागज."

"मग?"

"पानी मिला ना. बाजूवाले ने दिया. उसका लोटा ऊपर था."

चंदेरीच्या खिंडीत टेकलो तेव्हा बाटली न बघता हाताला लागली. झाकण काढलं, आणि प्यायच्या आधी शेजारी कोण बसलंय ते पाहिलं.