मिस्टर निकोस यांची दृष्ट

मिस्टर निकोस यांच्या आयुष्यातल्या पहिल्या मैफलीच्या दोन तास आधी आम्ही त्यांचा श्वास बंद पाडला. हेतू चांगला होता.

ते दुबईच्या करामा भागात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायचे. ग्रीसमधल्या डोंगराळ गावातून अठराव्या वर्षी क्लॅरिनेट घेऊन निघाले, जहाजांवरच्या बँडमध्ये वाजवलं आणि नव्वदच्या सुमारास दुबईत उतरले. तेव्हापासून एका हॉटेलच्या लॉबीत लोकांच्या वाढदिवसाची धून वाजवत होते. स्वतःच्या रचना मात्र लाँड्रीच्या याद्यांमागे लिहून खोक्यात! (मला हे माहीत, कारण कॉलेजात ‘स्थलांतरित कलावंताचं चरित्र’ लिहायला दिलं होतं आणि माझ्या ओळखीचा कलावंत तेवढा एकच.) आता बारा वर्षांनी हॉटेलने त्यांना स्वतःच्या रचनांसाठी एक संध्याकाळ दिली होती. लोकांना आवडलं तर दर महिन्याला. नाहीतर पुन्हा लॉबी.

त्या दिवशी पाच वाजता ते काळ्या सुटात, हातात क्लॅरिनेट घेऊन आमच्या दारात उभे. चेहरा पांढराफटक.

“सुबह से सब उलटा! क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायच्या दोन पट्ट्या चिरल्या, टाय गायब. किसी ने नजर लगाया! गावात माझी आजी पाण्यात तेल टाकून काढायची.”

“आई!” मी ओरडलेच. “यांच्याकडेही दृष्ट लागते!”

तोपर्यंत आईला ग्रीस कुठे आहे याची खात्री नव्हती. आता ते थेट माहेरच्या गल्लीत आलं.

“बैठो निकोसभाऊ, पाच मिनट का काम है. सुनी, मीठ-मोहरी आण, आणि तीन मिरच्या.”

तीन? कॉलेजात जाणारी मी घरातली पहिली, त्यामुळे मी विचार केला. माझं वजन बेचाळीस, माझी दृष्ट काढायला तीन. यांचं शंभराच्या वर, म्हणजे साडेसात. शिवाय दृष्ट बारा वर्षांची, म्हणून दुप्पट. मी मोजून पंधरा लवंगी मिरच्या हातांनी चुरडून घेतल्या. आईने ओवाळलं, मी ते सगळं तापल्या तव्यावर ओतलं.

खिडक्या बंद. एसी चालू!

पहिला खोकला माझा. दुसरा आईचा. तिसरा कुणाचा ते दिसलंच नाही. धूर दाराखालून पॅसेजमध्ये गेला आणि बिल्डिंगचा फायर अलार्म ठणाणा वाजू लागला.

“यल्ला! बाहर! सब बाहर!” वॉचमन जिन्यातून ओरडत होता.

चार मजल्यांची माणसं फूटपाथवर. कुणी टॉवेलवर, कुणी कढईसकट! आई नाक पुसत समाधानाने म्हणाली, “एवढा ठसका लागला? म्हणजे दृष्ट नव्हतीच गं!” (ठसका लागला नाही, तर दृष्ट जबरदस्त, असा आमच्याकडचा नियम आहे.)

मिस्टर निकोस यांनी क्लॅरिनेट ओठांना लावली. कुकरची वाफ निघावी तसा आवाज आला. पंधरा मिरच्यांत बारा वर्षं खलास!

सात वाजता ते स्टेजवर आले. डोळे लाल, गालांवर धारा. पहिली रचना गावात राहिलेल्या आईवर, असं त्यांनी जाहीर केलं. लांब सूर लावला आणि तो ठसक्याने मधेच तुटला. हुक्! पुन्हा लावला. पुन्हा हुक्! मी खुर्चीत जेवढं घसरता येईल तेवढी घसरले.

मग पुढच्या रांगेत एका बाईने हुंदका दिला. मग तिच्या शेजाऱ्याने. सगळ्यांना वाटलं, हा माणूस आईच्या आठवणीने रडत रडत वाजवतोय! शेवटी हॉल उभा राहिला. हॉटेलचा मॅनेजर रुमाल डोळ्यांना लावून म्हणाला, “एव्हरी मंथ, हबीबी. प्लीज!”

मला एवढा धक्का बसला की मी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. आणि किंचाळले.

शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी मला छातीशी धरलं. नवऱ्याला म्हणाल्या, “देखो जी, इस बच्ची को कितनी समझ है म्यूझिक की!” माझ्या डोळ्यांतून पाणी थांबेना.

मला फक्त मिरचीचे हात धुवायला बेसिन कुठे आहे, एवढंच विचारायचं होतं!