उपाशी की आजारी

देवरावकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरण्या धूत होते. फोन त्यांच्या मुलीचा, मनीषाचा. “पापा नहीं रहे,” एवढंच म्हणाली. त्यानंतर तीन आठवडे मी त्यांच्या घरी गेले नाही... तिथे मला एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायची भीती वाटत होती.

लालबर्रा रोडवरच्या एका राईस मिलमध्ये काका सांडपाण्याची टाकी सांभाळायचे. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान भिजवलेलं आंबूस पाणी त्या टाकीत येतं. पुढे नाला, आणि नाल्याच्या खालच्या अंगाला काकांचंच गाव, गावच्या म्हशी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी तिथे दोन बरण्या मांडल्या होत्या. त्यातले जिवाणू पाण्यातली घाण खातात आणि खाताना किंचित वीज तयार करतात. घाण जास्त असली की मीटरवरचा आकडा चढतो, पाणी स्वच्छ असलं की उतरतो. एका बरणीत टाकीतून नळीनं येणारं पाणी, दुसरीत तुलनेसाठी विहिरीचं. काका रोज सकाळी विचारायचे, “काय मॅडम, मंडळी जेवली का?” मी फारशी बोलत नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, त्यामुळे उत्तराची वाट न पाहता स्वतःच मीटर वाचायचे.

एका दुपारी टाकीच्या बरणीचा आकडा विहिरीच्या आकड्याइतका खाली आला. मला आनंद झाला. रजिस्टरमध्ये ‘पाणी सोडण्यायोग्य’ असं लिहून मी सही केली. टाकी काठोकाठ भरली होती, मॅनेजर घाईत होते. “देवराव, खोल दे. मैडम ने साइन कर दिया.”

काका व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून उभे राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “सकाळी वासानं नाकाले रुमाल लागत होता, अन् दुपारी साफ? मंडळी जेवत नाही म्हणजे उपाशी हाय का आजारी हाय, ते पाह्यलं का?”

मी पाहिलं नव्हतं. काकांनी डबा उघडला आणि त्यातली पेज दोन्ही बरण्यांत थोडी थोडी ओतली. प्रयोग बिघडेल असं मला वाटलं, पण मी त्यांना अडवलं नाही. मॅनेजर घड्याळाकडे बघत होते, टाकीच्या कडेवरून पाणी झिरपायला लागलं होतं... विहिरीच्या बरणीचा आकडा हळूहळू चढला. टाकीची बरणी तशीच. तिथले जिवाणू उपाशी नव्हते, ते मरत होते.

“क्या हुआ?” मॅनेजरनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, “मैडम बोल रही हैं, पानी में गड़बड़ है. रुकना पड़ेगा.” मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. चौकशीत कळलं, सकाळी बॉयलर धुतल्याचं ॲसिड कुणीतरी टाकीत सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी काकांना विचारलं, माझं नाव का घेतलं? “माह्यं घेतलं असतं तं त्यायनं दुसऱ्याच्या हातून चाक फिरवलं असतं,” ते म्हणाले आणि डबा धुवायला गेले. माझ्या प्रबंधात ती दुपार आहे, पेजेची चाचणीसुद्धा आहे. काकांचं नाव नाही. कॉलेजात कौतुक झालं तेव्हाही मी बोलले नाही.

शेवटी गेल्या रविवारी गेले. काकूंनी चहा दिला आणि म्हणाल्या, “तुमच्याबद्दल लय सांगत. मॅडमनं पाणी थांबवलं, नाहीतं आपल्या म्हशी गेल्या असत्या, म्हणत.” म्हणजे घरीसुद्धा त्यांनी तेच सांगितलं होतं. मनीषा दारातच उभी होती. शाळेत मुली ‘नालीवाले की बेटी’ म्हणून चिडवायच्या, म्हणून पापा काय काम करतात ते ती कुणाला सांगायची नाही, हे मला काकांनीच एकदा हसत सांगितलं होतं. हसले होते, पण लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागले होते.

मी कप खाली ठेवला. म्हटलं, काकू, पाणी मी नाही थांबवलं. मी तर सोडा म्हणून सही केली होती. थांबवलं काकांनी.

माझा आवाज इतका बारीक होता की मनीषाला ऐकू गेला नसावा. काकूंनी मात्र ऐकलं. मग लेकीला म्हणाल्या, “इकडं ये, जवळ बस.” आणि मला म्हणाल्या, “आता पुन्हा सांग, पोरी. हिले ऐकू दे.”

मी पुन्हा सांगितलं. या वेळी मोठ्यानं, आणि पहिल्यापासून.