सव्वादोनशे किलो आणि सीटवाली

आमच्या गल्लीत कोणाकडे काय शिजतंय हे मला वासावरून कळतं आणि कोण कोणाशी बोलत नाही हे दाराबाहेरच्या चपलांवरून. त्यामुळे सीटवालीची हकीकत सांगायचा पहिला हक्क माझा, असं मी मानतो. ती मानत नाही. म्हणते, "काका, तुम्ही निम्मं खोटं सांगता." निम्मंच! म्हणजे उरलेल्या निम्म्याची पावती तिनंच फाडली की.

सीटवाली म्हणजे गाड्यांच्या सीटा शिवणारी. वय एक्कावन्न, उंची चार फूट अकरा इंच, आणि त्यातला शेवटचा इंच टाचा उचलून भांडून मिळवलेला. लग्न झालं नाही, असं तिची वहिनी सांगते. केलं नाही, असं ती स्वतः सांगते. थोरल्या भावाच्या घराला लागूनच तिचं दुकान. समोर शटर, आत पायानं चालवायचं शिलाई मशीन, भिंतीला रेक्झीनच्या गुंडाळ्या आणि मागे फोमच्या तुकड्यांचा डोंगर. तीस वर्षं ती दुसऱ्यांच्या बुडाखालची सोय बघत आली. नुसती सीट पाहून ती सांगायची, माणूस कसा बसतो, कंबर कुठे दुखते, मागे कोणी बसतं का. यातली शेवटची माहिती मी तिच्याकडून नियमित घ्यायचो. समाजासाठी.

गिऱ्हाइकं यायची आणि सांगायची, "मावशी, वरच्या पठाराचा रस्ता काय आहे म्हणून सांगू!" ती म्हणायची, "सांगू नका, उठा. माप घेऊ द्या." पण ऐकलेलं आत कुठेतरी साठत होतं. कारण एके दिवशी तिनं गाडी आणली. स्कूटर नव्हे. दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून जाणारी ती उंच मोटरसायकल, पुढे चोच, बाजूला लोखंडी कठडे, वजन सव्वादोनशे किलो. किंमत मला विचारू नका. मी तिला दहा वेळा विचारून झालंय. पठारावर एकटीनं जाऊन यायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

आणल्या आणल्या तिनं काय केलं, तर कोऱ्या गाडीची सीट उसवली. फोम चार बोटं तासला, नवी शिवण घातली आणि वर बसून पाहिलं. चवडे टेकले. टाचा नाही, पण चवडे टेकले.

आठवडाभर सगळं सुरळीत. मग एका सकाळी ती गल्लीच्या तोंडाशी थांबली होती, पुढे एक स्कूटर उभी. त्या स्कूटरच्या सीटची शिवण उसवलेली. ही शिवण कोणाच्या हातची, हे बघायला बाई उजवीकडे वाकल्या. या कारणासाठी जगात दुसरं कोणीही पडलं नसतं. गाडी कलली, चवडा सुटला आणि सव्वादोनशे किलो धाडकन उजव्या कुशीवर. बाई मात्र बाजूला उडी मारून उभ्या, आणि पहिलं वाक्य काय? "एकेरी दोरा! म्हटलंच होतं मी!"

तेवढ्यात तिचा भाचा धावत आला. भाचा म्हणजे तिच्या थोरल्या भावाचा, दादाचा मुलगा, रोज जिममध्ये जाऊन दंड फुगवून आणणारा. "आत्या, सरक," म्हणाला, आणि गाडीवर ओणवा होऊन असा काही हिसका दिला की गाडी उठली, सरळ झाली आणि तशीच पलीकडे, डाव्या कुशीवर आडवी झाली. स्टँड काढायचं कोणाच्या डोक्यात? न्हाव्याच्या दुकानासमोरच्या तीन कुंड्या गेल्या. मग आम्ही सहाजणांनी मिळून ती उभी केली. मीही होतो. मी सूचना करत होतो.

आता हिशेब बघा. एकदा तिनं पाडली, एकदा त्यानं. पण गल्लीनं काय म्हटलं? "सीटवाली दोनदा पडली."

दादानं गाडी दुकानात ढकलून नेली, हँडल लॉक केलं आणि किल्ली खिशात टाकली.

"दादा, किल्ली दे."

"पडलेली गाडी उचलता येत नाही आणि निघाली पठारावर. तिथे कोण येणार सहाजण? हे काका?"

"मी का नाही येणार?" मी म्हटलं. दोघांनीही लक्ष दिलं नाही.

"एकटीनं उचलून दाखव," दादा म्हणाला, "सगळ्यांदेखत. त्या दिवशी किल्ली तुझी. नाहीतर गाडी विकायची."

"शब्द दिलास?"

"दिला."

"काका, ऐकलंत ना? नाहीतर एरवी नको ते ऐकता."

पुढे तीन आठवडे काय चाललंय ते कळेना, आणि मला न कळणं सोसत नाही. रोज दुपारी दोन वाजता दुकानाचं शटर अर्ध्यावर यायचं. आतून धप्प असा आवाज. मग श्वास टाकल्याचा. मग "हं... हं... आली!" पुन्हा धप्प. त्यातच ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर, विधुर माणूस, आठवड्यात दोनदा सीट घेऊन येताना दिसला. सीट धडधाकट. आता मला सांगा, कोणी काय समजायचं? मी फक्त न्हाव्याला सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते वहिनीपर्यंत पोचलं, हा न्हाव्याचा दोष.

वहिनी तरातरा आली, शटर वर केलं, मागे मी. आत काय? जमिनीवर गुडघाभर फोम अंथरलेला, त्यावर गाडी आडवी, आणि घामानं निथळणारी सीटवाली गाडीकडे पाठ करून उकिडवी बसलेली. मास्तर दूर खुर्चीवर, हातात चहा, म्हणत होता, "मान वर, मावशी. जमिनीकडे बघितलं की कंबर वाकते."

वहिनीनं वळून माझ्याकडे असं पाहिलं की मला एकदम घरी काम आठवलं. पण जाता जाता तिचं बोलणं कानावर पडलंच. "आधी तरी सांगायचंस. जुन्या गाद्यांतला फोम पडलाय घरात." आणि दादाला यातलं अवाक्षर बोलली नाही, हे मी खात्रीनं सांगतो, कारण मी आडून आडून विचारून पाहिलं.

मग सीटवालीनंच दिवस ठरवला. रविवारी सकाळी दहा. सगळी गल्ली बाहेर. न्हाव्यानं नव्या कुंड्या आत घेतल्या होत्या. दादानं ऐटीत खिशातून किल्ली काढून हँडल उघडलं आणि भाच्यानं दोघांना घेऊन गाडी उजव्या कुशीवर निजवली.

"आत्या, लागलं तर सांग, मी आहे."

"तू आहेस तेच माहीत आहे मला. लांब उभा राहा. गाडीला हात लावलास तर सुई टोचीन."

तिनं हातमोजे चढवले. आधी गाडीभोवती एक फेरी मारली. पेट्रोल गळत नाही ना, वाकून पाहिलं. इंजिनाचं लाल बटण बंद आहे ना, पाहिलं. गाडी पुढेमागे घरंगळू नये म्हणून गिअर टाकला. मग वरच्या बाजूला आलेला स्टँड पायानं पूर्ण बाहेर काढला आणि भाच्याकडे बघून म्हणाली, "हा असतो." लोक हसले. भाचा कुंड्यांच्या जागेकडे बघत राहिला.

मग हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवलं. गाडीकडे पाठ केली. खाली बसली, सीटची कड बरोबर बुडाखाली घेतली. एका हातात हँडलची खालची मूठ, दुसऱ्या हातात सीटच्या मागचा लोखंडी दांडा.

"सीटला धर की, जवळ पडेल," दादा म्हणाला.

"सीटला कधी धरायचं नाही. हातात सुटून येते. तीस वर्षं सीटाच काढतेय मी, दादा."

पाठ ताठ, मान वर, नजर समोरच्या भिंतीवर. आणि तिनं पाय रेटले. हात नाही, पाय. गाडी जरा उचलली. अर्धं पाऊल मागे. आणखी अर्धं. चेहरा लालबुंद, पण कंबर सरळ. मध्ये एकदा गाडी थबकली, आणि दादाचं एक पाऊल नकळत पुढे आलं. तिनं न बघताच म्हटलं, "मागे हो." तो झाला. मग बोटबोट पावलं, रेटत, रेटत, आणि सव्वादोनशे किलो तिच्या पाठीमागून असे वर आले, जसं हट्टी मूल शेवटी उठून शाळेला निघतं. शेवटच्या क्षणी तिनं जोर काढून घेतला आणि गाडी अलगद स्टँडवर टेकवली.

वहिनीनं पहिली टाळी वाजवली. दादानं बायकोकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि किल्ली पुढे केली. "घे. जमलं तुला. पण पहिल्याच झटक्यात कसं काय?"

"पहिला कुठला? एकशे तेरावा."

"हँडल तर लॉक होतं! किल्ली माझ्याकडे!"

सीटवालीनं सुया ठेवायची पिशवी उघडली आणि तिच्यातून तशीच दुसरी किल्ली काढली. "नव्या गाडीला दोन मिळतात, दादा."

"मग निघून का नाही गेलीस? तीन आठवडे कशाला थांबलीस?"

"चोरून जाऊ? माझीच गाडी घेऊन?" तिनं त्याच्या हातातली किल्ली घेतली आणि पिशवीतली त्याच्या तळव्यावर ठेवली. "ही तुझ्याकडे असू दे. माझी हरवली तर फोन करीन, घेऊन ये. आणि एकटा ये. सहाजण नकोत."

 दादानं किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली, जिथे तो चष्मा ठेवतो.

पुढच्या बुधवारी ती पहाटे गेली आणि ऊन उतरता उतरता परत आली. मी अर्थातच गल्लीच्या तोंडाशी होतो. गाडी चिखलानं माखलेली, डाव्या कठड्यावर एक लांब नवा ओरखडा आणि उजव्यावर दुसरा.

"पडलीस ना?" मी विचारलं. आवाज जरा मोठाच होता, न्हाव्याला ऐकू जावा म्हणून.

"दोनदा," ती त्याहून मोठ्यानं म्हणाली.

"मग?"

"मग काय? उचलली." आणि गाडी माझ्या अगदी पायाशी आणून उभी करत म्हणाली, "सांगा आता सगळ्यांना. या वेळी दोन्ही माझ्याच नावावर."