दिवाणातले वाल

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेचा मेसेज आला की मी तो लगेच उघडत नसे. आधी गॅस बंद करायची, हात पुसायची, भिंतीला टेकून बसायची आणि मग जीव मुठीत धरून बघायची. पैसे आलेले असायचे. आता तरी सुटकेचा निःश्वास टाकावा, तर तेही जमायचं नाही, कारण त्याच क्षणी पुढच्या महिन्याचा घोर लागायचा. माझी लेक म्हणायची, "आई, नाही आले तरी तू घाबरतेस, आले तरी घाबरतेस. मग आले तर काय वाईट?" बोलण्यात ती बापावर गेली आहे.

तिचे बाबा कोपर स्टेशनच्या बाहेर रिक्षा चालवायचे. काविळीचं निमित्त झालं आणि गेले. लेक तेव्हा दुसरीत होती. मी एका पोळी-भाजी केंद्रात भाज्या निवडायला आणि चिरायला जायची. रोज संध्याकाळी त्या दिवसाचे पैसे हातावर. पोरीला ताप आला आणि घरी राहिले तर त्या दिवशीचं काही नाही. त्यात भाडं भागवायचं, शाळेचं बघायचं, आणि वर लोकांना "बरं चाललंय" म्हणून सांगायचं.

मग ठाण्याच्या एका संस्थेची माहिती कळली. लहान मुलं असलेल्या विधवांना ते दोन वर्षं दर महिन्याला ठरावीक रक्कम थेट खात्यात टाकायचे. तिथल्या मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "ताई, मूल शाळेत गेलं पाहिजे, एवढीच अट. बाकी पैसे कशाला वापरायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. मी मधूनमधून घरी येऊन जाईन." मी मान डोलावली. ऐकलं सगळं, पण खरं वाटलं नाही. दर महिन्याला न मागता कोण कुणाला पैसे देतं? सख्खे देत नाहीत.

सख्ख्यांचा अनुभव ताजाच होता. हे गेल्यावर कल्याणचे माझे दीर दर महिन्याला थोडे पैसे आणि तांदूळ आणून द्यायचे. वर्षभर दिले, खोटं कशाला बोलू. एकदा आले तेव्हा ओट्यावर मिक्सर होता. केंद्राच्या मालकिणीने नवा घेतला म्हणून तिचा जुना मला दिलेला. दिरांनी त्याच्याकडे बघितलं, चहा प्यायले आणि उठताना म्हणाले, "वहिनी, आता तुमचं बरं बसलंय म्हणायचं." त्यानंतर ना तांदूळ आले ना दीर. मिक्सर जुना आहे हे सांगायला मी फोन केला तर उचलला नाही. तेव्हाच मी मनाशी गाठ मारली, की देणाऱ्याच्या नजरेस घरातली नवी वस्तू पडता कामा नये. ही गाठ पुढे मला चांगलीच महागात पडली.

संस्थेचे पैसे तीन-चार महिने लागोपाठ आले, तेव्हा कुठे मी जरा लांबचा विचार करायला लागले. माझं माहेर पेणकडचं. आमच्याकडे कडव्या वालाचं बिरडं म्हणजे जीव की प्राण. पण वाल म्हणजे किती उस्तवार! रात्री भिजत घाला, दुसऱ्या दिवशी उपसून फडक्यात बांधा, मोड आले की कोमट पाण्यात टाका आणि एकेक दाणा चिमटीत धरून सोला. डोंबिवलीतल्या नोकरी करणाऱ्या बायकांना हे करायला वेळ कुठला? आणि खायला तर सगळ्यांनाच हवं. सोललेल्या वालाला गिऱ्हाईक आहे हे मला आधीही माहीत होतं. पण आज वाल घ्यायचे आणि परवा-तेरवा विकायचे, तर मधले दिवस खायचं काय? रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या बाईला वालाला मोड येईपर्यंत थांबता येत नाही. दर महिन्याचं भाडं निघायला लागलं तेव्हा मला पहिल्यांदा थांबता आलं.

समोरच्या बिल्डिंगमध्ये एक काकू राहतात, निवृत्त शिक्षिका. त्यांना पाव किलो नेऊन दिले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी खिडकीतून हाक मारली, "अगं, दाणा न् दाणा अख्खा आहे! माझ्या मुलीलाही हवेत." त्यांची मुलगी घोडबंदर रोडला मोठ्या टॉवरमध्ये राहते. ती रविवारी आईकडे आली की जाताना पिशव्या भरून न्यायची, तिच्या मजल्यावरच्या बायकांसाठी. बघता बघता मी केंद्रातलं काम अर्ध्यावर आणलं आणि घरात वालाची फडकी टांगायला लागले.

आणि तिथून माझी झोप उडाली. मॅडम येतील, फडकी बघतील आणि म्हणतील, आता तुमचं बरं बसलंय. पैसे बंद झाले की भाडं अडेल, भाडं अडलं की थांबणं संपलं, थांबणं संपलं की वाल संपले. दारावर कुणी टकटक केलं तरी मी आधी फडकी काढायला धावायची. एकदा टकटक करणारा केबलवाला निघाला आणि मी त्याच्याच अंगावर ओरडले. तो बिचारा आल्या पावली परत गेला.

श्रावण आला. नागपंचमीला आमच्यात काही चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. बिरड्याला विळी लागत नाही, म्हणून त्या दिवशी वालाला सोन्याचा भाव. काकूंनी मुलीच्या आणि मैत्रिणींच्या मिळून एवढ्या ऑर्डर घेतल्या की मी सगळी शिल्लक घालून वाल आणले. आदल्या दिवशी सकाळी लेक शाळेत गेली आणि मी सोलायला बसले. अर्धे सोलून झाले होते, अर्धे फडक्यात होते, घरभर सालं. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, मी कोपरला उतरलेय. दहा मिनिटांत पोचते तुमच्याकडे."

खोली एकच, कोपरे चार, आणि चारही दिसणारे. सालं गोळा करून बादलीत कोंबली. सोललेले वाल प्लास्टिकच्या पिशव्यांत ओतले, फडकी तशीच ओली उचलली आणि सगळं दिवाणाच्या पोटात घातलं, गोधड्यांच्या मध्ये. फळी लावली, वर गादी, गादीवर धुतलेली चादर. ओट्यावरचा मिक्सरसुद्धा उचलून मोरीत ठेवला. स्वयंपाक चालल्याचा भास व्हावा म्हणून नुसतंच पाणी उकळत ठेवलं. कशासाठी, ते आजही मला सांगता येणार नाही.

मॅडम आल्या आणि अर्थातच दिवाणावर बसल्या.

"काय उकळतंय?"

"चहाचं आधण," मी म्हणाले. पातेलं दहा माणसांचं होतं.

त्यांनी लेकीच्या शाळेचं विचारलं, तब्येतीचं विचारलं. मग म्हणाल्या, "काही काम वगैरे सुरू केलंत का घरून?"

"नाही हो मॅडम. कुठलं जमतंय! केंद्रात जाते तेवढंच." हे बोलताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते, त्यांच्या पायांकडे बघत होते. कारण दिवाणाच्या खालून पाण्याचा एक ओघळ निघाला होता आणि फरशीवरून सावकाश त्यांच्या पायांच्या दिशेने येत होता. ओली फडकी निथळत होती. त्यांनी खाली बघितलं, पाय जरा बाजूला घेतले.

"आत्ताच फरशी पुसलीय," मी म्हणाले.

"असू दे, असू दे," त्या म्हणाल्या. आणि पुढे म्हणाल्या, "ताई, पुढच्या गल्लीत एका घरी जायचंय, पण त्या बाई दुपारीच येणारेत कामावरून. तोवर इथेच टेकू का? ऊन फार लागलंय."

नाही कसं म्हणणार? मी पंखा मोठा केला. त्या उशीला टेकल्या आणि त्यांचा डोळा लागला. मी समोर जमिनीवर बसून राहिले. खाली माझी सगळी कमाई कोंडून पडली होती आणि वर माझी मदत झोपली होती. एकीला हलवलं असतं तर दुसरी गेली असती. मी देवाचं नाव घ्यायलाही धजेना, तोंडातून आवाज निघेल म्हणून.

त्या गेल्या तेव्हा दुपार टळत आली होती. मी गादी खेचून काढली, फळी उचलली आणि तिथेच मटकन बसले. वाल गरम झाले होते, बुळबुळीत लागत होते. पण त्याहून वाईट म्हणजे गोधड्यांना कसर लागू नये म्हणून मीच डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या, आणि त्यांचा वास दाण्यादाण्यात शिरला होता. मी वाल धुतले. पुन्हा धुतले. एक दाणा शिजवून तोंडात टाकला आणि थुंकला. मग मोरीजवळ बसून मोठमोठ्याने रडले. असला मूर्खपणा माझ्यासारखीच करू शकते!

काकूंकडे जाताना पाय उचलत नव्हते. "वाल खराब झाले," एवढंच सांगितलं.

"सणाच्या आदल्या दिवशी?" काकूंचा आवाज चढला. "अगं, मी सगळ्यांना शब्द दिलाय! उद्या विळीला हात लावायचा नाही, आता मी पानात वाढू काय? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

मी मान खाली घालून परत आले. नागपंचमीला आम्ही दोघींनी वरणभात खाल्ला.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. शिल्लक गेली, गिऱ्हाईक गेलं, आणि मॅडमनी तो ओघळ बघितला होता. त्यांना कळलंच असणार, मी खोटं बोलले हेही कळलं असणार, असं मला रोज वाटायचं. महिन्याचा पहिला आठवडा उजाडला. मेसेज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी केंद्राच्या मालकिणीला सांगून टाकलं की पुन्हा पूर्ण दिवस येते. संध्याकाळी भाजी निवडताना फोन वाजला आणि मी मेथीच्या ढिगात हात तसेच ठेवून बसले. मालकीणच म्हणाली, "अगं बघ तरी, कुणाचं काय ते." पैसे आले होते. तेवढेच, नेहमीचे.

माझ्यासारख्या बाईला एवढी मोठी चूक परवडत नाही. एकदा चुकलं की संपलं, असंच आजवर चाललेलं. या खेपेला भाडं भरून थोडे उरले, त्याचे मी वाल आणले. थोडेच. सोलून काकूंच्या दारात ठेवले. काकूंनी दार उघडलं, पिशवीला नाक लावून वास घेतला आणि ती आत नेऊन दार लावून घेतलं. पण गणपतीच्या आधी खिडकीतून पुन्हा हाक आली.

मॅडम पुढच्या वेळी आल्या त्या फोन न करता. दार उघडंच होतं. खिडकीच्या गजांना फडकी टांगलेली, मी परात पुढ्यात घेऊन बसलेली. मला धीर आला होता असं कुणी समजू नये. माझी नजर आधी दिवाणाकडेच गेली. पण ते वाल पुन्हा दिवाणात घालणं माझ्याच्याने झालं नसतं. ते नासले असते तर या वेळी खरंच मी मेले असते.

त्यांनी चपला काढल्या, परातीकडे बघितलं, फडक्यांकडे बघितलं. मी सरळच विचारलं. "मॅडम, आता पैसे बंद होणार का?"

"का बंद होतील?"

"हे बघितलंत ना तुम्ही."

"ताई, दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. तुम्ही काम करा, नका करू. सांगितलं होतं मी."

"माझे दीरही देत राहीन म्हणायचे," मी म्हणाले. "तुमच्या वरच्यांना विचारा."

त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. त्यांनी ठाण्याच्या ऑफिसला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि तोच प्रश्न विचारला. तिकडच्या माणसाने तेच उत्तर दिलं, वर विचारलं, "का हो, काय झालं?" मॅडम म्हणाल्या, "काही नाही, इथे एका ताईंना खात्री हवी होती." माझी खात्री तरीही अर्धीच पटली. उरलेली पटायला पुढचे बरेच महिने गेले.

निघताना त्या थबकल्या. "मला पाव किलो द्या ना. काय भाव?"

भाव सांगितला की मी किती कमावते याचा हिशोब त्या मनात करणार. असेच न्या म्हणावं, असं ओठांवर आलं होतं. इतके महिने ज्यांनी दिलं त्यांच्याकडून पैसे कसे घ्यायचे? पण मी तागडी उचलली, वाल तोलले आणि भाव सांगितला. काकूंना लावते तोच.

"थोडे कमी करा की, ताई," त्या म्हणाल्या. अगदी सहज, बाजारात म्हणतात तसं.

"सोललेले आहेत मॅडम. कमी नाही होणार."

बोलून गेले आणि भीतीने माझ्या अंगाला घाम फुटला. मॅडमनी पर्स उघडली.