ओला मॅडम

मॅडम कुणाचंही वाक्य पूर्ण करून देत नसत. वर्गात कुणी अडखळलं की बाकीचे शिक्षक पुढचा शब्द पुरवून मोकळे होतात. मॅडम टेबलाला टेकून, हाताची घडी घालून, त्याच्याकडे बघत उभ्या राहायच्या. अर्धा मिनिट, एक मिनिट, कधी त्याहून जास्त. शेजारचं कुणी कुजबुजत मदत करायला गेलं, तर त्या नुसता तळहात वर करायच्या. पहिल्या आठवड्यात मी अशी जवळजवळ पूर्ण तास उभी होते. मला फक्त माझं गाव सांगायचं होतं.

भोरच्या आमच्या कॉलेजात त्या स्पॅनिश आणि संवादकौशल्य असे दोन विषय शिकवायच्या. दोन्ही प्रमाणपत्राचे, दोन्ही दुपारी नेहमीचे तास संपल्यावर, ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत. त्या मूळच्या भोरच्याच. पुण्यात एका कंपनीत बरीच वर्षं भाषांतराचं काम केलं आणि आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा सगळं सोडून परत आल्या. स्पॅनिशमध्ये नमस्काराला ‘ओला’ म्हणतात. त्या दारातूनच ‘ओला’ म्हणत आत यायच्या, म्हणून त्या ओला मॅडम. पावसाळ्यात तर खरोखरच ओल्या होऊन यायच्या, कारण छत्री त्या हमखास कुठंतरी विसरायच्या.

मी वेल्ह्याकडच्या पासली गावची, हॉस्टेलला राहायचे. वडील माझ्या बारावीच्या आधीच गेले होते. स्पॅनिशचा फॉर्म दादानेच भरला होता. टूरिझममध्ये नोकरी लागते असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मराठीत दोन माणसांसमोर तोंड न उघडणारी मी स्पॅनिशमध्ये मात्र चुकत-माकत का होईना बोलते, हे मॅडमनी ओळखलं. एकदा जिना उतरताना मी त्यांना विचारलं, असं का होतं. त्या म्हणाल्या, “या भाषेत तुला अजून कुणी गप्प बस म्हटलेलं नाही.”

त्यांचा एक तास मला अजून आठवतो. नकार द्यायचा तास. स्पॅनिशमध्ये ‘नो पुएदो’ म्हणजे मला जमणार नाही, आणि ‘नो किएरो’ म्हणजे मला नको आहे. त्या एकेकीला उठवून काहीतरी मागायच्या. वही दे, पुढच्या बाकावर बस, गाणं म्हण. नकार द्यायचा आणि कारण सांगायचं नाही, एवढाच नियम होता. आम्ही सगळ्या मुली ‘नो पुएदो’ म्हणालो. मॅडम खिडकीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहूनच म्हणाल्या, “जमत नाही म्हटलं की लोक जमवून देतात. नको असेल तर नको म्हणा.”

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर दादाचा फोन आला. ओढ्याकाठची आमची भातखाचरं पुण्याची एक पार्टी फार्महाऊससाठी घेत होती. त्याआधी आईने आणि मी हक्कसोडपत्र करून द्यायचं होतं, म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आमचा हिस्सा दादाच्या नावे सोडायचा होता. “सई करायला ये,” एवढंच तो म्हणाला. त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं. गावात सगळ्या बहिणी सही करत होत्या, आणि मला कॉलेजला घालणाराही तोच होता. पण त्या खाचरात आई आणि मी दरवर्षी लावणीला उतरायचो. ती खाचरं जाणार, हे मला सहन होईना.

मी मॅडमकडे गेले आणि सगळं सांगून विचारलं की मी काय करू. त्यांचा चेहरा एकदम ताठ झाला. मग म्हणाल्या, “मी सांगितलं तर ते माझं बोलणं होईल.” आणि आईला औषध द्यायचंय म्हणून निघून गेल्या. मला त्यांचा इतका राग आला की पुढचे दोन तास मी बुडवले.

वेल्ह्याच्या नोंदणी कार्यालयात आम्ही सकाळीच पोचलो. दादा, आई, चुलते आणि मी. पार्टीचा माणूस बाहेर गाडीत बसून होता. आमचा पुकारा झाला. साहेबांनी कागदावरून नजर उचलून मला विचारलं, “दस्त वाचलात का? स्वखुशीने हक्क सोडताय ना?”

“व्हय साहेब, तिला समदं ठावं हाय,” दादा म्हणाला.

“त्यांना बोलू द्या.”

चुलते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, व्हय म्हन, पोरी. दादा माझ्याकडे बघत नव्हता. तो कागदाकडे बघत होता. मागे रांगेतली माणसं चुळबुळ करायला लागली. मला अभ्यास आहे, आज बरं नाही, नंतर येते, असली सगळी कारणं माझ्या जिभेवर येऊन उभी राहिली. ती मी गिळली. साहेब पेन खाली ठेवून थांबले होते.

“माझी मर्जी न्हाई,” मी म्हणाले.

साहेबांनी कागद बाजूला सारला आणि पुढचं नाव पुकारलं. दादा बाहेर गेला, मोटारसायकल काढली आणि निघून गेला. चुलते त्याच्या मागे धावले. आई आणि मी एसटीने घरी आलो. वाटभर आई खिडकीबाहेर बघत होती.

सोमवारी मी मॅडमना सांगितलं. शाबासकी मिळेल अशी माझी समजूत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आईंना कुणी विचारलं?”

कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. पुढच्या शनिवारी घरी जाऊन, चुलीपुढे बसून मी तो प्रश्न विचारला. आई भाकरी थापत राहिली. तव्यावरची भाकरी उलटून झाल्यावर म्हणाली, “मला त्या खाचराकडं बघत मरायचंय. येवढंच.” दादा दारात उभा राहून ऐकत होता. तो दीड वर्ष माझ्याशी बोलला नाही. आता बोलतो, पण कामापुरतं. खाचरं आहेत. लावणीला तोही उतरतो.

त्याच वर्षी पुरेशी मुलं नाहीत म्हणून स्पॅनिशचा वर्ग बंद झाला. मॅडमची आईही गेली. त्या पुन्हा पुण्याला निघाल्या तेव्हा त्यांच्या बॅगा धरायला मी कापूरहोळच्या फाट्यापर्यंत गेले. हायवेला गाड्यांचा इतका आवाज होता की जवळ उभं राहिल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. पुण्याची एसटी लांबून दिसली तेव्हा त्या म्हणाल्या, “मलाही विचारलं होतं गं, स्वखुशीने हक्क सोडताय ना म्हणून. वडिलांच्या मागं, दोन भावांसाठी. मी वक्तृत्वात बक्षिसं मिळवणारी मुलगी. मोठ्यांदा, स्वच्छ आवाजात ‘हो’ म्हणाले. कचेरीत सगळ्यांनी माझं कौतुक केलं.”

एसटी थांबली. त्यांनी माझ्या हातातल्या बॅगा घेतल्या, आणि त्या वर चढल्या.