गाठोड्याला घर शोधताना

माझ्या थोरल्या बहिणीत, म्हणजे अक्कात, एकच खोड आहे, पण ती अशी की बाकीच्या सगळ्या तिच्यात मावून जातात. तिला मळकं काही बघवत नाही. आम्ही दोघी लाँड्री चालवतो. ती धुते, मी इस्त्री करते, आणि भांडायचं काम दोघी मिळून करतो. वडिलांच्या मागे सदतीस वर्षं तिनं हे दुकान ओढलं. डाग बघून ती सांगते की चहा सांडलाय, शाई सांडलीय, की गिऱ्हाईक खोटं बोलतंय. या दारातून मळकं काही बाहेर जाणार नाही, हे ती दिवसातून तीनदा मलाही ऐकवते, जसं काही मी कोळशाच्या वखारीतून कामाला आले आहे.

अशा बाईनं म्हातारी कुत्री सांभाळायला घ्यावीत, हे मला कधीच पटलं नाही. प्राण्यांच्या निवाऱ्यात जागा पुरत नाही, म्हणून तिथली बाई म्हातारी कुत्री कायमचं घर मिळेपर्यंत लोकांकडे ठेवते. अक्कानं चार सांभाळली, चारही चांगल्या घरी दिली. पाचवं आलं, त्यानं मात्र आमच्या नाकी नऊ आणले.

त्याला गाठोडं हे नाव मी दिलं. चौदा वर्षांचं, दोन्ही डोळे गेलेले, दात मोजून पाच. आल्या आल्या ते धुवायच्या कपड्यांच्या ढिगात शिरलं आणि असं मुटकुळं करून झोपलं की एका गिऱ्हाइकानं आपले शर्ट त्याच्यावरच ठेवले. अक्कानं त्याच्यासाठी जुनी गोधडी काढली. ते गोधडीवर झोपायचं, पण ती ताजी धुतलेली असली की उठून पुन्हा ढिगात जायचं. हे दोघींच्या डोळ्यांसमोर रोज घडत होतं, आणि दोघींनाही काही कळलं नाही.

महिन्याभरात जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की याचं हृदय थकलंय, दुकानातली वाफ त्याला सोसणार नाही. थंड, तळमजल्यावरचं घर बघा, इथं राहिलं तर ते उन्हाळा काढणार नाही. आमची राहायची खोली दुकानाच्या वर, बावीस पायऱ्या, आणि त्या रोज त्याला उचलून मीच चढायची. निवाऱ्यातही उरला होता तो पत्र्याखालचा पिंजरा. म्हणजे ते जगायला हवं असेल तर दुसरं घर मिळायलाच हवं होतं.

पहिलं घर मिळालं एका तरुण जोडप्याचं. अक्कानं लेकीची पाठवणी करावी तशी तयारी केली. त्याला अंघोळ घातली, नखं कापली, पट्टा साबणात भिजवला, गोधडी उकळून धुतली. मी तिला कडक इस्त्री केली. तिसऱ्या दिवशी नवरा त्याला घेऊन दारात. म्हणे, ते भिंतीला डोकं लावून उभं राहतं, अन्नाला तोंड लावत नाही, सारखं रडतं.

दुसरं घर एका शिक्षिकेचं, मागे अंगण, सावली, सगळं छान. आधी काहीतरी कमी पडलं असेल म्हणून अक्कानं या वेळी गोधडी दोनदा धुतली. चौथ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेलेला माल तक्रारीसकट परत येणं कपड्यांपुरतं ठीक होतं, असं मी अक्काला सुनावलं. मला त्या शिक्षिकेचा राग आला, जोडप्याचा राग आला, आणि सगळ्यात जास्त त्या कुत्र्याचा. तिथं चार दिवस उपाशी राहिलं, आणि इथं उतरवल्याबरोबर नाक वर करून दोन मिनिटं उभं राहिलं, मग सरळ ढिगात जाऊन घोरायला लागलं. त्याला गदागदा हलवून विचारावंसं वाटलं की बाबा रे, तुला हवं तरी काय.

उन्हाळा तोंडावर आला. दुपारी बॉयलर पेटला की त्याची जीभ लोंबायची आणि बरगड्या भात्यासारख्या हलायच्या. अक्का त्याच्या शेजारी पंखा ठेवायची आणि माझ्याकडे बघायचं टाळायची.

तिसरं गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त पोस्टमन. एकटाच राहायचा, घर तळमजल्यावर, फरशी गार. जन्मभर कुत्र्यांपासून पिंढऱ्या वाचवत फिरलेल्या माणसाला म्हातारपणी कुत्रं हवं, याचं मला हसू आलं. अक्का हसली नाही. तिनं गोधडी टबात भिजवलीसुद्धा.

पोस्टमन ठरल्यापेक्षा चार दिवस आधीच आले, सहज बघून जातो म्हणून. गाठोडं दोनदा परत आल्याचं अक्कानं त्यांना सांगितलं होतं. टबाकडे बघून त्यांनी विचारलं की आधीच्या दोन्ही वेळीही असंच धुतलं होतं का. अक्कानं अभिमानानं सांगितलं, पहिल्यांदा एकदा, दुसऱ्यांदा दोनदा.

ते म्हणाले, "बाई, मी चाळीस वर्षं टपाल वाटलं. माझ्या रस्त्यावरची सगळी कुत्री मला ओळखायची. पण गणवेश लाँड्रीतून आला की त्या दिवशी तीच अंगावर यायची. आणि ती डोळस होती. याला तर दिसतच नाही. तुम्ही त्याचं घर धुऊन टाकलंत आणि मग त्याला बाहेर पाठवलंत."

अक्का कुणाचं ऐकून घेणारी नाही. मला वाटलं आता हा माणूस काही नीट घरी जात नाही. पण ती मटकन स्टुलावर बसली. मी इस्त्री बंद केली. उरलासुरला वास माझ्या इस्त्रीनंच तर घालवला होता.

त्यांनी उपाय सांगितला. अक्कानं अंगावरचा ॲप्रन चार दिवस धुवायचा नाही, तोच घालायचा आणि गाठोड्याला मांडीवर घेऊन बसायचं. मग तो ॲप्रन त्याच्याबरोबर द्यायचा.

ते चार दिवस अक्काला जड गेले. घाम, साबण, कुत्र्याची लाळ, सगळं अंगावर बाळगून ती गिऱ्हाइकांसमोर उभी राहिली. एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, दिव्याखाली अंधार. तिनं मान खाली घालून पावती फाडली. एरवी तिला टोमणे मारायची संधी मी सोडत नाही. पण त्या माणसाचे शर्ट मी मुद्दाम दोन दिवस उशिरा दिले.

पाचव्या दिवशी तिनं ॲप्रन काढला, सवयीनं घडी घालायला हात उचलला आणि तसाच चुरगळून पिशवीत कोंबला. गाठोडं गेलं. तीन दिवस झाले, चार झाले, आठ झाले. गाडी थांबली की मी इस्त्री उभी करून दाराकडे बघायची.

तीन आठवड्यांनी पोस्टमनचा फोन आला. ते पोटभर खातंय, गार फरशीवर पसरतंय, डॉक्टर म्हणाले श्वास सुधारलाय. मग म्हणाले, "आता ॲप्रन लागत नाही त्याला. माझ्या चपलांवर डोकं ठेवून झोपतं. तो परत पाठवू का?"

"नको," अक्का म्हणाली. "धुऊन टाका आता."

तिनं फोन ठेवला. मी चिडूनच म्हटलं की आता तोंड का पाडलंस, हेच तर हवं होतं ना तुला.

"हेच हवं होतं," ती म्हणाली. "विसरलं गं ते मला." आणि ती ओल्या हातांनी तोंड झाकून रडायला लागली.

दारात कोणीतरी कपडे घेऊन आलं होतं. मी त्याला उद्या यायला सांगितलं आणि भरदुपारी दुकानाचं दार लावून घेतलं.