खालून वर खाणारी यादी

फाइल बंद करताना ती नीट बंद झाली का, हे मी यंत्राला विचारलं नाही. विचारायची सोय होती, शिकवतही होतो. फक्त स्वतः करत नव्हतो.

१९९९ च्या सुमारास रत्नागिरीत माझा ‘सी’ ही संगणकाची भाषा शिकवण्याचा क्लास होता. म्हणजे एक कॉम्प्युटर, चार खुर्च्या आणि अमाप आत्मविश्वास. शेजारच्या चुलत काकांनी, निवृत्त मास्तर ते, गावोगाव हिंडून आमच्या घराण्याची वंशावळ जमवली होती. माघी चतुर्थीला हेदवीच्या गणपतीसमोर ती मोठ्याने वाचायची, हयात माणसाचं नाव आलं की अक्षता वाहायच्या, असा आमच्यातला रिवाज. काका म्हणाले, "यंदा छापील हवी." मी आख्खा प्रोग्रॅमच लिहिला. थोरल्या पिढ्या वर, धाकट्या खाली. फ्लॉपीवर यादी उतरली, पडद्यावर ‘जतन झाले’ आलं. हे वाक्य मीच लिहिलेलं होतं, यंत्राचं त्याबद्दल काहीच मत नव्हतं.

छापलेली यादी काकूंनी बोट ठेवून वाचली आणि बोट शेवटी थांबलं.

"ही पोरं कुठायत रे?"

शेवटची सहा नावं नव्हती. सातवं दोन अक्षरांवर तुटलेलं. मी पुन्हा चालवलं. पुन्हा तिथेच, त्याच दोन अक्षरांवर. भर दुपार, बाहेर कावळाही ओरडत नव्हता, फ्लॉपीची तेवढी घरघर.

त्यातच काकांना दोन जुने पूर्वज सापडले. ते वर घातले, तर खालची आणखी दोन नावं गेली. मेलेले दोन आले, जिवंत दोन गेले. आता यादी तुटत होती ती काकूंच्या मुलावर. तो जहाजावर होता आणि महिनाभर त्याचा फोन नव्हता.

काकूंनी कागद पालथा घातला आणि म्हणाल्या, "तुझी यादी खालून वर खात येतेय."

त्या दिवसापासून त्यांनी फोनजवळची खुर्ची सोडली नाही. जेवणही तिथेच. मी हसून घालवायला बघितलं, पण घरी येऊन स्वतःच्या नावाची ओळ मोजली. चौदा नावं वर होतो.

शेवटी लाजेने एक ओळ घातली: फाइल बंद होताना उलटं उत्तर आलं, तर कारणासकट सांग. यंत्र म्हणालं, ‘बंद झाली नाही. कारण: चूक नाही.’

तोच प्रोग्रॅम आणि तीच फ्लॉपी घेऊन कॉलेजातल्या युनिक्सच्या, म्हणजे वेगळ्या प्रणालीवर चालणाऱ्या, मशीनवर गेलो. तिथे उत्तर आलं, ‘जागा उरलेली नाही.’

जागा मीच खाल्ली होती. त्या फ्लॉपीवर माझा सापाचा खेळ होता. लिहिलेलं सगळं लगेच फ्लॉपीवर जात नाही, शेवटचा घास यंत्राच्या तोंडातच राहतो आणि फाइल बंद होताना गिळला जातो. प्रत्येक नाव लिहिताना मी तपासत होतो, गिळताना नाही. भाषेचा शब्द एवढाच, की बिघडलं तर ‘बिघडलं’ म्हणेन. का बिघडलं, ते सांगेनच असं नाही, ते त्या त्या यंत्राच्या मर्जीवर. म्हणून कारणावर विसंबायचं नाही, ‘बिघडलं’ एवढ्यावरच थांबायचं. आणि एकदा बिघडलेली फाइल पुन्हा बंद करायला जायचं नाही. ती हातातून गेलेली असते.

एवढं शहाणपण घातलं, कोरी फ्लॉपी घेतली आणि यादी नेऊन दिली. सगळी नावं होती. काकूंनी मुलाच्या नावावर बोट ठेवलं, पण खुर्ची सोडली नाही. फोन तिसऱ्या दिवशी आला. जहाजातला फोन बंद होता, बाकी तो ठणठणीत.

मग मला जोर चढला. "बघा काकू, नुसती फ्लॉपी भरलेली. यंत्र सांगायला तयार होतं, मीच विचारलं नव्हतं."

काकूंनी त्या दिवसांत पहिल्यांदा पाय पसरले.

"मेल्या, तुझ्यापेक्षा यमाचा रेडा बरा. त्याच्या गळ्यात निदान घंटा तरी असते."